आचंद्रार्काची परीक्षा

जुन्या दानपत्रांत आणि शिलालेखांत 'आचंद्रार्क' हा शब्द वारंवार भेटतो. दिलेले गाव, जमीन किंवा उत्पन्न चंद्रसूर्य आहेत तोवर चालत राहावे, असा त्याचा आशय. आपल्याकडच्या गद्धेगाळांवर तर हे वचन शब्दांबरोबर चित्रानेही दिलेले असते : माथ्यावर चंद्र आणि सूर्य, खाली लेख, आणि दान मोडू पाहणाऱ्यासाठी शापाचे ते ओंगळ शिल्प. शाप माणसाला आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांना मात्र कोणी शाप घातलेला नाही. आणि लेख पुसण्याचे काम बहुतेक वेळा त्यांनीच केले आहे.

अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख याच जातीचा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा त्याचा काळ मानून त्याला मराठीतल्या आद्य शिलालेखाचा मान दिला जातो. श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखाशी त्याची तुलना होते, आणि शकाचे हे वाचन सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. हा दगड दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला, समुद्राच्या वाऱ्यात, उघड्यावर उभा होता. आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना भाषेच्या आरंभाचा प्रश्न नेहमी व्याकरणाचा किंवा लिपीचा वाटतो. परंतु त्या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक साधा, जड प्रश्न आहे : उघड्यावर ठेवलेला दगड किती टिकतो?

हा प्रश्न माणसाने अनुभवाने फार पूर्वीपासून हाताळला असला, तरी त्याची रीतसर परीक्षा घेण्याचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. त्या इतिहासात परीक्षकांचे अंदाज अनेकदा चुकले. आणि त्यांच्या चुकांतूनच कळत गेले, की दगडाची परीक्षा घेताना आपण खरे म्हणजे दुसऱ्याच कशाची तरी परीक्षा घेत आहोत.

*

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनमधील पार्लमेंटचा जुना राजवाडा जळाला. नव्या वास्तूसाठी दगड कोणता घ्यावा, हे ठरविण्यासाठी एक मंडळ नेमण्यात आले. वास्तुकार चार्ल्स बॅरी, भूवैज्ञानिक हेन्री डे ला बेश, इंग्लंडच्या भूविज्ञानाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो विल्यम स्मिथ, आणि दगडकामाचा जाणकार चार्ल्स स्मिथ, असे चौघे त्यात होते. इतक्या विचारपूर्वक दगड निवडण्याचा प्रयत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. मंडळींनी १८३८ साली खाणी पालथ्या घातल्या आणि त्याबरोबर जुन्या इमारतीही पाहिल्या. कारण जुनी इमारत ही शतकानुशतके चाललेली परीक्षाच असते, हे त्यांना नीट उमगले होते. नॉटिंगहॅमशरमधील साउथवेलच्या बाराव्या शतकातील मंदिरावरचे कोरीवकाम त्यांना अजून धारदार दिसले. त्याचा दगड मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा. प्रयोगशाळेतही नमुने तपासले गेले. ब्रार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२० च्या दशकात सुचविलेली एक युक्ती तेव्हा वापरात होती : दगडाचा तुकडा सोडियम सल्फेटच्या द्रावणात बुडवायचा आणि वाळवायचा. छिद्रांत क्षाराचे स्फटिक फुगतात आणि कित्येक हिवाळ्यांतील हिमाचे काम काही दिवसांत करून दाखवतात. काळाला घाई करायला लावणारी ही बहुधा पहिली परीक्षा.

१८३९ साली अहवाल आला. निवड झाली बोल्सोव्हरच्या दगडाची. त्या खाणीतून पुरेसे मोठे ठोकळे निघेनात, म्हणून त्याच जातीचा अ‍ॅन्स्टनचा दगड घेतला गेला. आणि इमारत पुरी होण्याआधीच तो दगड ढासळू लागला. पापुद्रे सुटू लागले, नक्षी झडू लागली. १८६१ मध्ये या ऱ्हासाची चौकशी करण्यासाठी दुसरी समिती बसवावी लागली. पुढे विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर दगड बदलून क्लिपशॅमचा दगड बसविण्यात आला.

या अपयशाला खाणीवरील हलगर्जीपणासारखी इतरही कारणे होती. परंतु मुख्य कारण असे, की साउथवेलचा दगड सातशे वर्षे टिकला तो खेड्याच्या हवेत. लंडनची हवा कोळशाच्या धुराची होती. मंडळींनी दगड शोधण्यासाठी अवघा देश पाहिला. तो दगड ज्या हवेत उभा राहणार होता तिची परीक्षा मात्र त्यांनी घेतली नाही. आज हे सांगणे सोपे आहे. त्या काळी हवा हा परीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच नवी होती. ती रुजली पुढच्या पिढीत. मँचेस्टरच्या पावसाचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी 'एअर अँड रेन' हा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आम्लयुक्त पावसाला त्याचे आज रूढ असलेले नाव त्यात मिळाले.

*

त्यानंतर आठ वर्षांनी, १८८० साली, आर्चिबाल्ड गायकी या भूवैज्ञानिकाने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. विषय होता एडिंबरोच्या दफनभूमींत दिसणारे खडकांचे विदारण. हा निबंध साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावा अशा योग्यतेचा आहे. कारण त्याचे सगळे उपकरण म्हणजे अक्षरे.

गायकीची युक्ती किती साधी होती, हे थोडे थांबून पाहू. डोंगरातला खडक किती वेगाने झिजतो हे मोजता येत नाही, कारण तो केव्हापासून उघडा पडला हे माहीत नसते. थडग्याच्या दगडावर मात्र तारीखच कोरलेली असते. शिवाय कोरीव अक्षराची कड मुळात धारदार होती हे ठाऊक असते, त्यामुळे ती किती बोथट झाली यावरून झीज कळते. एकाच शहरात, एकाच पावसात, संगमरवर, वालुकाश्म आणि पाटीचा दगड शेजारीशेजारी उभे असतात. शोकाकुल नातलगांनी आपल्याही नकळत एक भव्य प्रयोग मांडून ठेवला होता. गायकीने त्याची केवळ नोंद घेतली.

निष्कर्ष संगमरवराला फार प्रतिकूल निघाला. आधी त्याची झिलई जाते आणि पृष्ठभाग विरघळत राहतो. काही ठिकाणी वर एक काळसर पापुद्रा धरतो आणि आतला दगड साखरेसारखा भुसभुशीत होतो. पापुद्रा फुटला की आतले कण गळू लागतात. चौकटीत बसविलेली पातळ फरशी तर चक्क वाकते, फुगते आणि तडकते. त्या शहराच्या हवेत संगमरवरावरील लेख शंभर वर्षेही धड टिकणार नाही, असे गायकीचे मत झाले. उलट ज्याचे कण सिलिकेने बांधलेले आहेत तो स्थानिक वालुकाश्म त्याहून जुना असूनही छिन्नीच्या खुणा जपून होता. दूरच्या देशातून आणविलेल्या शुभ्र दगडाने दगा दिला होता, आणि जवळच्या खाणीतला करडा दगड आपल्या माणसाचे नाव अजून सांगत होता.

गायकीने पाहिलेल्या थडग्यांपैकी एक जोसेफ ब्लॅक याचे होते. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीतील हे थडगे वालुकाश्माच्या चौकटीत बसविलेल्या संगमरवरी फरशीचे. ब्लॅक १७९९ मध्ये वारला. म्हणजे गायकी तेथे उभा राहिला तेव्हा फरशीचे वय ऐंशीच्या आसपास. आणि तेवढ्यात ती मध्यभागी फुगून बाहेर आली होती, तडकली होती, लेखाचा काही भाग वाचता येत नव्हता. आता हा ब्लॅक कोण? चुनखडीसारख्या पदार्थांत एक वायू 'बद्ध' असतो आणि उष्णतेने किंवा आम्लाने तो मोकळा होतो, हे १७५० च्या दशकात दाखवून देणारा रसायनज्ञ. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. संगमरवर हीदेखील रसायनदृष्ट्या चुनखडीच. पावसाच्या पाण्यात हाच वायू विरघळून सौम्य आम्ल बनते आणि ते संगमरवर विरघळवते. कोळशातील गंधकाचे आम्ल त्याहून उग्र, ते संगमरवराचे जिप्सम करून टाकते आणि तो काळसर पापुद्रा याच जिप्समचा असतो. ज्याने दगडातून हवा मोकळी केली त्याच्याच नावाचा दगड हवेने मोकळा केला. कल्पित कथेत असा योग कोणी घातला असता तर आम्ही त्यावर कृत्रिमतेचा ठपका ठेवला असता.

*

गायकीने आयता मिळालेला प्रयोग वाचला. विसाव्या शतकात मुद्दाम मांडलेले प्रयोग सुरू झाले, आणि त्यांत दगडाच्या बरोबरीने, किंबहुना अधिक, लोखंड आणि पोलाद आले. पद्धत सर्वत्र सारखीच : मोजून, वजन करून घेतलेल्या पट्ट्या उतरत्या चौकटींवर बांधायच्या, त्या उघड्यावर ठेवायच्या, आणि ठरावीक वर्षांनी परत आणून गंज काढून पुन्हा वजन करायचे. किती वजन घटले, ते उत्तर.

इंग्लंडमध्ये व्हर्नन या संशोधकाने या मोजमापांना एक सुंदर जोड दिली. लोखंडाचा नमुना त्याने एकेरी मलमलीच्या पिंजऱ्यात टांगला आणि दुसरा तसाच बाहेर ठेवला. हवा तीच, ओल तीच. बाहेरचा नमुना गंजला. आतला जवळजवळ जसाच्या तसा राहिला. मलमलीने अडविले ते धूळ आणि काजळीचे कण. पुढे त्याने हेही दाखविले, की हवेतील आर्द्रता एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली आणि त्या हवेत गंधकाचा वायू असला, की गंज एकाएकी बळावतो. हडसनने निरनिराळ्या देशांत नमुने ठेवविले, तेव्हा खार्टूमच्या कोरड्या हवेत नाममात्र गंजणारे पोलाद शेफील्डच्या धुरात कितीतरी पटींनी गंजते असे दिसले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील क्यूर बीच येथे १९३० च्या दशकात सुरू झालेल्या केंद्रात एक पटांगण समुद्रापासून सुमारे २५ मीटरवर आहे आणि दुसरे सुमारे २५० मीटरवर. तेवढ्या अंतरानेही उत्तर पार बदलते. पोलादाचा टिकाऊपणा हा पोलादाचा गुण म्हणून सांगताच येत नाही, असे या पट्ट्यांनी सिद्ध केले. तो पोलाद आणि ठिकाण यांच्यातील संबंध आहे.

अशा प्रयोगांना किती काळ द्यायचा? प्रयोगशाळेत क्षाराच्या फवाऱ्याने आणि प्रखर दिव्यांनी वर्षांचे काम आठवड्यांत उरकण्याच्या पद्धती याच शतकात पुष्कळ विकसित झाल्या, आणि कारखान्यांना त्यांच्याशिवाय गत्यंतरही नाही. पण त्या पद्धतींना खरे-खोटे ठरविण्यासाठी शेवटी उघड्यावरचा संथ प्रयोगच साक्षीला बोलवावा लागतो. १९४८ साली वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने एक भिंत उभारली. तीत २,३५२ दगडी नमुने बसविले आहेत. त्यांपैकी २,०३२ अमेरिकेच्या ४७ राज्यांतले आणि ३२० इतर १६ देशांतले. यांपैकी पुष्कळसे दगड एकोणिसाव्या शतकात, १८७६ चे शतसांवत्सरिक प्रदर्शन आणि १८८० ची जनगणना यांच्या निमित्ताने जमविलेल्या संग्रहांतून आलेले. १९७७ मध्ये संस्थेच्या नव्या जागी, मेरीलँडमधील गेथर्सबर्गला, ही भिंत अखंड उचलून नेण्यात आली. ज्यांनी ती बांधली त्यांना तिचे उत्तर मिळणार नाही हे बांधतानाच ठाऊक असले पाहिजे. नमुना ठेवणारा एक, वाचणारा दुसरा, आणि त्यांच्यामध्ये फक्त एक नोंदवही. शास्त्राच्या इतिहासात आम्हाला ही गोष्ट पोथी नकलून ठेवणाऱ्यांच्या परंपरेच्या सर्वांत जवळची वाटते.

*

या संदर्भात दिल्लीच्या लोहस्तंभाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मेहरौलीचा हा स्तंभ सुमारे सात मीटर उंच आणि सहा टनांहून जड. त्यावरील संस्कृत लेखातील 'चंद्र' राजा म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे सोळाशे वर्षांचा उघड्यावरचा प्रयोग. त्याच्याभोवती अद्भुताचे वलय जमले नसते तरच नवल.

हडसनने या वलयाला कसोटीनेच उत्तर दिले. स्तंभाजवळच्या हवेत पोलाद आणि जस्त यांचे साधे, आधुनिक नमुने ठेवून त्याने पाहिले आणि १९५३ मध्ये निष्कर्ष मांडला, की तेथील हवाच मुळी सौम्य आहे. वर्षाचा बराच काळ ती कोरडी असते. गूढ लोखंडात कमी आणि दिल्लीच्या हवेत अधिक, असा याचा रोख. पुढे कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० सालच्या आपल्या शोधनिबंधात या चित्राची दुसरी बाजू उजेडात आणली. प्राचीन लोहारांच्या भट्टीत चुनखडी घालण्याची रीत नव्हती, त्यामुळे खनिजातील फॉस्फरस मळीबरोबर निघून न जाता लोखंडात राहिला. पावसात भिजणे आणि उन्हात सुकणे यांच्या असंख्य फेऱ्यांत या फॉस्फरसाच्या साहाय्याने पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला, आणि त्याने आतले लोखंड राखले. स्तंभ गंजला नाही असे नव्हे. तो योग्य रीतीने गंजला. जमिनीखालचा, सतत ओलीत राहिलेला भाग मात्र चांगलाच गंजलेला आढळला आहे. एकाच स्तंभाची ही दोन नशिबे पाहिली म्हणजे हडसन आणि बालसुब्रमण्यम परस्परांचे विरोधक उरत नाहीत. धातू आणि हवा यांच्यातील सोळा शतकांचा करार तेथे उभा आहे, आणि दोहोंपैकी एक पक्ष बदलला तर तो करार मोडेल. १९९७ मध्ये स्तंभाला कुंपण घालण्यात आले ते माणसांच्या स्पर्शाने तो झिजू नये म्हणून. हवेला कुंपण घालता येत नाही.

म्हणजे हवेचे काही करताच येत नाही का? येते, आणि त्याचीही साक्ष दगडानेच दिली आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या कठड्याच्या दगडांत अठराव्या शतकाच्या आरंभी काही भोके शिशाने बुजविली होती. तेव्हा शिसे आणि दगड एका पातळीत होते. पुढे दगड झिजत गेला, शिसे उंच राहिले. त्या उंचीवरून सुमारे अडीच शतकांची झीज मोजता आली. १९८० पासून त्याच कठड्यावर सूक्ष्म मोजमापे घेण्यात आली, तेव्हा झिजेचा वेग पूर्वीपेक्षा बराच उतरलेला आढळला. मधल्या काळात १९५२ चे जीवघेणे धुके पडून गेले होते, १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला होता, आणि १९८१ मध्ये नदीपलीकडचे बँकसाइडचे वीजकेंद्रही बंद पडले. आपल्याकडे आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर याच प्रश्नाचे निमित्त झाला. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिसरातील २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर स्थलांतर करा, असा आदेश दिला. त्या निकालात दगडाबरोबर तेथे श्वास घेणाऱ्या माणसांचाही विचार होता, हे विसरता कामा नये.

गायकीच्या पद्धतीचे पुढचे रूपही शिशाचेच आहे. संगमरवरी थडग्यांवर अक्षरे कोरून त्यांत शिसे भरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. आज संशोधक अशा थडग्यांपाशी जातात आणि शिशाचे अक्षर दगडाच्या वर किती उंच आले आहे ते मोजतात. अक्षर जागच्या जागी आहे. ज्यावर ते लिहिले तो दगड मात्र हळूहळू मागे सरतो आहे. त्या अंतराला मध्ये गेलेल्या वर्षांनी भागले, की त्या गावाच्या हवेचा इतिहास हाती येतो. मृताचे नाव, त्याचे वय, एखादे धर्मवचन : लिहिणाऱ्याने एवढेच लिहिले होते. धुराविषयी त्याने काहीच लिहिलेले नव्हते, आणि तरी तेही त्यात लिहिले गेले.

या साऱ्याचा आपल्या कोरीव लेखांशी संबंध आहे, असे आम्हाला वाटते. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ १९६३ साली निघाला. तेव्हापासून आपण त्या लेखांच्या वाचनांवर वाद घालत आलो. तो घालायलाच हवा. पण ज्या अक्षरावर वाद आहे त्याची कड आज किती उरली आहे, दहा वर्षांपूर्वी किती होती, याची नोंद आपल्यापैकी कितीजण ठेवतात? काळा दगड टिकाऊ खरा. तथापि एडिंबरोचा दाखला असा, की दगडाच्या लौकिकावर विसंबू नये. गावोगावच्या पारांवर, देवळांच्या आवारांत, शेतांच्या बांधांवर गद्धेगाळ आणि वीरगळ उभे आहेत. कोठे शेंदूर आणि तेलाचे थर चढले आहेत, कोठे ऑइलपेंट, कोठे शेजारून नवा रस्ता गेला आहे. प्रत्येक दगड एक चालू प्रयोग आहे आणि बहुतेकांची नोंदवही कोरी आहे. एकाच जागेवरून, तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून दरवर्षी एक छायाचित्र घेणे आणि त्यावर तारीख घालणे, इतके काम मराठीच्या कोणत्याही महाविद्यालयीन विभागाला करता येण्याजोगे आहे. त्याचे उत्तर ते सुरू करणाऱ्यांना बहुधा मिळणार नाही.

माथ्यावरचे चंद्रसूर्य आम्ही आजवर दानाच्या मुदतीची खूण म्हणूनच वाचत होतो. त्यांतला एक सूर्य त्या दगडाला रोज तापवतो आणि पावसाळ्यानंतर सुकवतो, हे गायकी वाचल्यावर प्रथमच ध्यानात आले.